माजघरातला समुद्र

माघातला रविवार होता. आमच्या नातीचे उष्टावण होते. मुलीचे उष्टावण विषम महिन्यात करावे अशी रीत, म्हणून सातव्या महिन्यातला दिवस धरला होता. लेक बाळाला घेऊन माहेरी आली होती. पाट मांडला होता, पाटाभोवती रांगोळी काढली होती, चांदीच्या वाटीत तांदळाची खीर निवत ठेवली होती. व्याही आणि विहीणबाई परभणीहून सकाळीच येऊन पोहोचले होते. सगळे जमले होते. नव्हता तो फक्त मामा. पहिला घास भरवण्याचा मान त्याचा, आणि स्वारीचा पत्ताच नाही!

शेवटी मीच उठले आणि माजघराचे दार ढकलले. आमचे चिरंजीव नवा सदरा घालून जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. समोर एक काळे टब, एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात भिंग.

"अरे, बाळ खोळंबलंय तिकडे!"

"आई, पाचच मिनिटं. काल रात्री दोनएकशे बाळं झालीत. त्यांचंही उष्टावण आजच आहे, आणि त्यांना रडून सांगता येत नाही."

मी काही बोलले नाही. त्या टबातल्या बाळांचे एक जुने देणे माझ्याकडे होते. ते कसे, हेच आज वाचकांना सांगायचे आहे.

आमचे गाव वसमत. हिंगोली जिल्ह्यातले हे गाव हळदीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. हंगामात रस्त्याने चालले तरी हळदीचा वास अंगाला चिकटतो. समुद्र म्हणाल तर सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटर दूर. आमच्या गल्लीतल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी तो जन्मात पाहिला नाही. आणि तरीही गेली काही वर्षे आमच्या माळवदाच्या घराच्या माजघरात, धान्याच्या कणग्या जिथे असत तिथे, चारशे लिटर समुद्र भरलेला आहे.

एक मासा घरी येतो

चिरंजिवांचे शिक्षण उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात झाले. शिकून आल्यावर त्यांनी नांदेडला शोभेच्या माशांचे छोटे दुकान टाकले. गोड्या पाण्यातले मासे, काचेच्या टाक्या, माशांचे खाद्य, असा तो व्यापार. यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना हे दुकान कधीच मानवले नाही. "धरणात सोडायचे मासे शिकला असतास तर चार लोकांच्या पोटाला कामी आला असतास," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

एके दिवशी हा मुलगा एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. आत वीतभरही नसलेला एक मासा. पिवळसर अंग, पोटावर तिरपे पांढरे पट्टे, डोळ्यांजवळ निळ्या रेघा. कोणी लहान मुलाने रंगपेटी हाती लागल्यावर फराटे मारावेत तसा. नाव पिकासो ट्रिगर. चित्रकाराचे नाव माशाला मिळाले, ते त्या फराट्यांमुळेच.

ट्रिगर म्हणजे बंदुकीचा घोडा. या कुळातल्या माशांच्या पाठीवर एक जाड काटा असतो. भीती वाटली की मासा खडकाच्या फटीत शिरतो आणि तो काटा ताठ उभा करतो. मागचा लहान काटा त्याला अडसरासारखा बसतो. मग कोणी कितीही ओढले तरी मासा बाहेर निघत नाही. लहान काटा खाली दाबला तरच मोठा काटा मिटतो. आमचा मासा रोज रात्री दोन दगडांच्या बेचक्यात आडवा होऊन असाच आतून कडी लावून झोपतो.

अंगाने लहान, पण स्वभावाने मोठा जमीनदार. टाकीतले दगड त्याच्या मर्जीप्रमाणे हवेत. चिरंजीव सकाळी रचतील ते हा संध्याकाळपर्यंत हलवणार. राग आला की घुरघुरतो, आणि तो आवाज काचेबाहेरही ऐकू येतो. समुद्रात ही मंडळी तोंडातून पाण्याची धार सोडून काटेरी सागरी अर्चिन उलटे करतात आणि खालून, काटे कमी असतात तिथून फोडून खातात. आमच्याकडे अर्चिन नाही, म्हणून खाद्य टाकायला उशीर झाला की माझ्या चष्म्यावर धार येते. एकदा टाकी पुसताना माझे बोट चावला. रक्त आले. यजमान तेवढे खूश झाले.

याच माशाच्या एका भावंडाला, ज्याचे हवाई बेटांवरचे नाव आपल्याला एका श्वासात म्हणता येणार नाही इतके लांब आहे, त्या राज्याने १९८५ साली राज्यमाशाचा मान दिला आणि २००६ साली तो कायम केला. मान त्याला मिळाला. घुरघुर मात्र आमच्या वाट्याला.

"लग्न लावून दे त्याचं"

एकदा मी सहज म्हटले, "एकटा आहे म्हणून चिडतो. एक मादी आण, लग्न लावून दे त्याचं."

चिरंजीव हसले, आणि मग गंभीर झाले. त्या दिवशी त्याने मला जे सांगितले ते मी, पंचवीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेली बाई, प्रथमच ऐकत होते.

दुकानात जे गोड्या पाण्यातले मासे असतात, गप्पी, मॉली, एंजल, त्यांतले बहुतेक शेतावरच जन्मलेले असतात. खाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशांचे उलटे आहे. त्यांतले बहुतेक अजूनही समुद्रातून, प्रवाळांच्या खडकांतून धरून आणलेले असतात. काही ठिकाणी धरणाऱ्यांनी पाण्यात सायनाइड सोडून मासे गुंगवून धरले. फिलिपाइन्समध्ये हा प्रकार १९६० च्या दशकात सुरू झाला. त्याने मासा गुंगतो, प्रवाळ मरतो, आणि पुष्कळदा तो मासाही ग्राहकाच्या घरी महिनाभरात मरतो.

"म्हणजे हा तुझा पिकासो..."

"कुठल्यातरी खडकातून उचललेला. घाऊक व्यापाऱ्याकडून घेतला तेव्हा मी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं."

मग यांची पैदास घरात का होत नाही? त्याचे उत्तर मजेशीर आहे आणि अवघडही. पिकासो ट्रिगरचा नर समुद्रतळाचा मोठा तुकडा राखतो. त्या तुकड्यात दोन-तीन माद्यांची आपापली आवारे असतात. टाकीत एवढी जागा कुठली? दोघांना एकत्र सोडले तर संसार होण्याआधी मारामारी होते. समजा टाकी मोठी केली, जोडी जमली. मादी पहाटे वाळूत खळगा करून अंडी घालते. एकेक अंडे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, पण संख्या हजारोंच्या घरात. ती दिवसभर त्यांवर पहारा करते, तोंडाने पाणी फुंकून त्यांना वारा घालते. याच कुळातला टायटन ट्रिगर तर घरट्याजवळ आलेल्या पाणबुड्या माणसावर धावून जाऊन चावतो. आणि त्याच दिवशी, सूर्य मावळल्यावर, अंडी फुटतात. सकाळी घातलेले अंडे संध्याकाळी पिल्लू!

"मग अवघड काय राहिलं?" मी विचारले.

"खरं अवघड तिथूनच सुरू होतं, आई. पिल्लाचं तोंड."

बारा-चौदा तासांत जे अंड्याबाहेर आले त्याची घडण ती किती झालेली असणार! पिल्लू कसेबसे दोन मिलिमीटर लांब. डोळे पुरे उघडलेले नाहीत, तोंड फुटलेले नाही. पोटाखाली पिवळ्या बलकाची एवढीशी शिदोरी. ती दोन-तीन दिवसांत संपते. तेवढ्यात तोंड उघडले पाहिजे, डोळ्यांना दिसले पाहिजे, आणि त्या उघडलेल्या तोंडात मावेल असा जिवंत घास समोरून पोहत गेला पाहिजे. घास मोठा असला तर पिल्लू उपाशी. घास दूर असला तर पिल्लू उपाशी. घास आज नसून उद्या आला तरी पिल्लू उपाशीच, कारण उद्या त्याच्या अंगात तोंड उघडायचे त्राण राहत नाही.

अंडी घालून घेणे ही अर्धीसुद्धा लढाई नव्हे. लढाई आहे ती पहिल्या घासाची.

मत्स्यजिरे

हे ऐकत यजमान दारात उभे होते. ते म्हणाले, "हे तर आमच्या तलावातलंच झालं की!"

त्यांची नोकरी पूर्णा नदीवरच्या कालव्यांवर गेली. येलदरी आणि सिद्धेश्वर ही दोन धरणे आमच्या भागाची अन्नपूर्णा. त्या जलाशयांत रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडताना त्यांनी पुष्कळदा पाहिले होते. त्या धंद्यातले शब्द किती नेमके आहेत पाहा. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना म्हणतात मत्स्यजिरे. खरोखर जिऱ्याएवढीच दिसतात. पंधरा-वीस दिवसांत इंचभर झाली की मत्स्यबीज. पुढे दोन-तीन महिन्यांत बोटाएवढी झाली की बोटुकली.

रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातले वाहते, चढते पाणी लागते. म्हणून पूर्वी लोक पुराच्या दिवसांत नद्यांतून बीज गोळा करत आणि दूरदूर पाठवत. त्यात कोणत्या माशाचे पिल्लू कोणते, याचा भरवसा नसे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मस्तकातल्या पीयूष ग्रंथीचा अर्क माशाला टोचला आणि तळ्यातच अंडी मिळवली. भारतातली सगळी मत्स्यशेती त्या एका सुईच्या टोकावरून पुढे गेली. १० जुलै हा दिवस आजही राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

"पण जिरं सोडण्याआधी," यजमान सांगू लागले, "तळ्यात शेण टाकायचे, शेंगदाण्याची पेंड टाकायचे. मी एकदा विचारलं, मासे शेण खातात काय? तर संगोपन तळ्यावरचा माणूस म्हणाला, साहेब, शेण पाण्याला, पाणी किड्यांना, आणि किडे जिऱ्याला. तळं आधी रांधायचं, मग पाहुणे बोलवायचे."

चिरंजीव त्यांच्याकडे पाहतच राहिला. बापलेकांचे एखाद्या विषयावर एकमत झाल्याचे मी त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी पाहिले. वसमतचे तळे असो की हवाईचा समुद्र, गोष्ट एकच: बाळ येण्याआधी बाळाचा घास तयार पाहिजे.

धाकट्यापासून आरंभ

ट्रिगर हा या विद्येतला शेवटचा धडा. आरंभ सोप्यापासून करावा म्हणून चिरंजिवांनी क्लाऊनफिशची जोडी आणली. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा २००३ सालच्या 'फाइंडिंग निमो' या चित्रपटामुळे आपल्या नातवंडांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. फ्लोरिडात मार्टिन मो यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी त्याची पैदास व्यापारी प्रमाणावर करून दाखवली. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम आणि विळिंजम इथल्या केंद्रांनी त्याचे तंत्र बसवले. महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठानाने ऐरोलीला, ठाण्याच्या खाडीकाठी, हे काम हाती घेतले. यात विशेष हे की ही जोडी शेतावरच जन्मलेली होती. "पुन्हा समुद्रातून उचललेला मासा दुकानात ठेवणार नाही," असे चिरंजिवांनी ठरवले होते. त्यापायी दुकानाची मिळकत घटली आणि घरात पुष्कळ बोलणी झाली, ती इथे लिहीत नाही.

त्या जोडीसाठी वेगळी टाकी आली. समुद्र घरी करायचा तो असा: गाळलेल्या शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ, तेही स्वयंपाकाचे नव्हे तर समुद्रातले सगळे क्षार असलेले खास मीठ. उन्हाळ्यात पाणी आटते, पण मीठ आटत नाही. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. पाक आटला की आपण वरून पाणी घालतो, साखर नव्हे, तसेच. माजघराच्या जाड मातीच्या भिंती वैशाखातही गार असतात, म्हणून टाक्यांना ती जागा.

जोडीने एका उपड्या मातीच्या कुंडीवर अंडी घातली. शेंदरी दाण्यांची जणू ठिकरी. नर आठ-नऊ दिवस त्यांवर पंखांनी वारा घालतो. दाण्यांत डोळे चमकू लागले की ओळखावे, आज रात्री. दिवे मालवल्यावर तास-दोन तासांत पिल्ले बाहेर येतात.

पहिल्या खेपेची पिल्ले तिसऱ्या दिवशी मेली. घास कमी पडला होता.

हा घास म्हणजे रोटिफर नावाचा जीव. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत याची लांबी. तोंडाशी केसांचे चाक फिरवत पोहतो. जपानात ईल माशांच्या तळ्यांत हा उपद्रवी म्हणून ठाऊक होता. पुढे तिथल्याच संशोधकांच्या ध्यानात आले की हा उपद्रव म्हणजे पिल्लांचे उत्तम अन्न आहे. रोटिफरला खायला लागते हिरवे शेवाळ, दोन-तीन सहस्रांश मिलिमीटरच्या पेशींचे, नुसते हिरवे पाणीच दिसणारे. म्हणजे माशासाठी रोटिफर, रोटिफरसाठी हिरवे पाणी. एक कडी तुटली की सगळी साखळी तुटली.

आणि ती कडी मी तोडली.

दिवाळी आली होती. आमच्याकडे दिवाळीची सफाई म्हणजे घराची उलथापालथ. दुसऱ्या खेपेची पिल्ले चार दिवसांची होती आणि चिरंजीव नांदेडला गेले होते. मागच्या ओसरीवर उन्हाच्या तिरपेला पाच मोठ्या बरण्या होत्या. हिरव्यागार, कुजल्यासारख्या दिसणाऱ्या, वर फेस आलेल्या. मला वाटले, टाकीतले काढून टाकलेले पाणी. मी ते मोरीत ओतले. एवढेच नव्हे, बरण्या साबणाने लखलखीत घासून उन्हात पालथ्या घातल्या. आणखी दोन बरण्यांत पाणी गढूळ होते, त्याही घासल्या.

संध्याकाळी मुलगा आला. ओसरीवर उभा राहिला. मी चकल्या तळत होते. तो आत आला आणि नुसते म्हणाला, "आई, बरण्या तू धुतल्यास का?"

ओरडला असता तर बरे वाटले असते. रात्री त्याने विजेरी लावून मला टबात दाखवले. शंभरावर पिल्ले, काळ्या पाण्यात रुपेरी डोळ्यांचे ठिपके. ती तोंडे उघडत होती, अंग वाकवून झेप घेत होती, आणि समोर काही नव्हते. त्या जिवांना दुसरे काही देता येत नव्हते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी टबाच्या तळाशी पांढरी धूळ बसली होती.

पंचवीस वर्षे मी मुलांना अन्नसाखळी शिकवली. फळ्यावर बाण काढून शिकवली. त्या दिवशी पाडव्याच्या फराळाचा घास माझ्या घशाखाली उतरेना.

विरजण

पाडव्याला मी त्याला म्हटले, "उद्यापासून बरण्या माझ्या."

त्याने मला शिकवले. हिरव्या पाण्याला ऊन हवे पण तापता कामा नये, हवेचे बुडबुडे अखंड हवेत, हाताला साबणाचा अंश नको. रोटिफर रोज मोजायचे: एक थेंब काचेवर, त्यावर भिंग. दाट झाले तर काढायचे, विरळ झाले तर वाट पाहायची. पंधरा दिवसांत मी तयार झाले. आणि मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी त्याच्या पुस्तकांत असेलच, पण आमच्या घरात ती मला आधी सुचली.

"का रे," मी म्हटले, "सगळं एकाच ओसरीवर का ठेवतोस? आपलं दही बिघडलं तर आपण काय करतो?"

"शेजारून विरजण आणतो."

"मग?"

त्याच दिवशी हिरव्या पाण्याची एक बरणी आणि रोटिफरची एक बरणी शेजारच्या काकूंकडे गेली. काकूंनी नाक मुरडले, पण ठेवून घेतली. दुसरी जोडी गल्लीच्या टोकाला, चिरंजिवांच्या मित्राकडे. दर आठवड्याला अदलाबदल. बरणीवर खडूने तारीख. पुढे पौष महिन्यात एका रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही, इन्व्हर्टरही बसला. सकाळी आमच्या रोटिफरच्या बरण्यांना वास येत होता. सगळे गेले होते. काकूंची बरणी आकाराने लहान आणि तिच्यातली गर्दी विरळ, म्हणून ती तगली. काकू ती पदराखाली झाकून घेऊन आल्या, जणू खरेच विरजण. त्या बरणीपासून आम्ही तीन आठवड्यांत पुन्हा पाच बरण्या भरल्या.

आणि त्या माघातल्या रविवारी, जिथून ही गोष्ट सुरू केली, त्या सकाळी दोनएकशे नव्या पिल्लांसाठी घास तयार होता.

चिरंजिवांनी बरणीतले पाणी बारीक कापडातून गाळले, रोटिफर वाटीत घेतले आणि टबात सोडले. मला भिंग दिले. एक पिल्लू, सुतभर, अंगाचा इंग्रजी एस् करून थबकले आणि पुढे झेपावले. त्याच्या पारदर्शक पोटात एक ठिपका दिसला. पहिला घास! मग दुसऱ्याचे पोट, मग तिसऱ्याचे.

"चल आता," मी म्हटले, "तुझी भाची वाट पाहतेय."

हात स्वच्छ धुऊन, या वेळी साबणाने, मामा पाटावर बसला. चांदीच्या चमच्याच्या टोकावर खीर घेतली आणि नातीच्या ओठांना लावली. तिने आधी तोंड वाकडे केले, मग जीभ बाहेर काढली, मग चमचाच धरला. सगळे हसले. माझे डोळे का भरून आले हे विहीणबाईंना कळले नाही. त्यांना वाटले, नातीच्या कौतुकाने. तेही खोटे नव्हते.

बाकीचा हिशेब

वाचकांना शेवट गोड लागतो, पण हिशेब खरा सांगायला हवा. दोनएकशेंपैकी आठवड्यानंतर राहिली नव्वद. तेव्हा घास बदलायचा असतो. रोटिफरच्या जागी आर्टेमिया, ज्याची अंडी अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या खाऱ्या सरोवरातून सुकवून डब्यांत येतात आणि मीठपाण्यात एका दिवसात फुटतात. या बदलात पुन्हा काही गेली. दहाव्या-बाराव्या दिवशी डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटू लागला. महिन्याने मोजली तेव्हा सदतीस होती. यजमानांनी स्वतः मोजली, दोनदा. त्यांतली काही नांदेडच्या दुकानात गेली. टाकीवर चिरंजिवांनी पाटी लावली: 'वसमतला जन्मलेले'. गिऱ्हाईक हसतात, मग विचारतात, मग घेतात. सदतीस माशांनी संसार चालत नाही हे खरे. दुकानाला आधार अजून गोड्या पाण्याचाच आहे. पण तेवढे सदतीस कुठल्याही खडकातून उचलावे लागले नाहीत.

आणि आमचा पिकासो? तो अजून एकटाच आहे. क्लाऊनफिशचे पिल्लू अंड्यात आठ-नऊ दिवस काढून येते, म्हणून जन्मतः डोळे उघडे, तोंड तयार. एका दिवसात बाहेर येणाऱ्या ट्रिगरच्या पिल्लाला पुष्कळदा रोटिफरही मोठा पडतो. त्याला लागतात कोपेपॉड नावाच्या समुद्रजीवांची नवजात पिल्ले, रोटिफरहून बारीक आणि अधिक कसदार. अडचण अशी की कोपेपॉड रोटिफरसारखे दाटीने वाढत नाहीत. याच वाटेने जाऊन हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटने २०१५ साली पिवळ्या टँग माशाची आणि फ्लोरिडातल्या संशोधकांनी २०१६ साली निळ्या टँगची पिल्ले प्रथमच बंदिस्त पाण्यात वाढवली. तोवर जाणत्यांनाही ती गोष्ट जवळजवळ अशक्य वाटत होती. ट्रिगरची पिल्ले मोठी करण्यात यश आले ते मोजक्याच जातींत. पिल्लांचे तरंगते बालपण आठवडेच्या आठवडे चालते आणि तेवढे दिवस रोज घास तयार ठेवावा लागतो. मोठमोठ्या प्रयोगशाळांना जे जड जाते ते आमच्या माजघरात होईल, असे मी म्हणणार नाही. चिरंजीवही म्हणत नाहीत. त्यांनी फक्त कोपेपॉडची एक बरणी आणून ठेवली आहे. तिचे विरजण काकूंकडे आहे.

यंदाही दिवाळीची सफाई झाली. ओसरीवरचे जाळे काढले, भांडी घासली, कोनाडे पुसले. बरण्यांच्या फळीजवळ नात उभी होती. आता ती चालते. तिने हिरव्या बरणीकडे बोट दाखवून "घाण?" असे विचारले. मी तिला उचलून घेतले आणि भिंग तिच्या डोळ्यापुढे धरले.

"घाण नाही ग बाई," मी म्हटले, "बाळांचा खाऊ."